भट्टीकाठी : शिसं मऊच का हवं?

मागच्या अंकात व्हाइट मेटलच्या (मऊ मिश्रधातूच्या) बेअरिंगवर लिहिलं, तेव्हा वाटलं होतं की कोल्हापूरच्या उद्यमनगरातली चार जुनी माणसं सोडली तर कोण वाचणार! पण शिशावर इतकी पत्रं आली की या वेळी बाकी धातूंना सुट्टी. पहिलं पत्र सगळ्यांत लांबून आलंय आणि त्यालाच सगळ्यांत जास्त जागा देतोय. बाकीच्यांनी राग मानू नये.

काका, मी मूळचा उचगावचा. अकरा वर्षं झाली, अमेरिकेत ओहायोत आहे. इथल्या क्लबात .38 स्पेशलच्या रिव्हॉल्व्हरनं कागदाच्या लक्ष्यावर नेम धरतो. इथं गोळ्या घरी ओतायला मुभा आहे, म्हणून मीही सुरुवात केली. माझा भार (काडतुसातली दारू) अगदी हलका, गोळीचा वेग सेकंदाला साधारण 750 फूट. दुकानदार म्हणाला, 'गोळी जेवढी कडक तेवढी नळी स्वच्छ', म्हणून लायनोटाइपच्या (छपाईच्या धातूच्या) जातीच्या कडक विटा घेतल्या. पण पन्नास गोळ्या झाडल्या की नळीत शिशाचा थर बसतो आणि नेमही पसरतो. घरी भंगारातून जमवलेलं आहे ते असं : छपरावरचं जुनं शिसं, चाकांच्या बॅलन्सिंगची वजनं आणि 60-40 डाखाची दोन रिळं. यातून काय करू?

भावा, आधी कबुली देतो. मी स्वतः आयुष्यात एकही गोळी ओतलेली नाही. पस्तीस वर्षं ओतली ती बेअरिंगं, तीही ऑइल इंजिनाची. पण 2016 साली मुलीकडे पेनसिल्व्हेनियात तीन महिने होतो, तेव्हा शेजारी एक निवृत्त मशिनिस्ट होते. गॅरेजमध्ये बसून गोळ्या ओतायचे. मला इंग्रजी जेमतेम, त्यांना मराठी शून्य, पण वितळलेल्या शिशासमोर दोन ओतारी बसले की बोलायला लागतंच असं नाही. त्यांच्या मुशीशेजारी बसून जे पाहिलं आणि माझ्या धंद्यात जे शिकलो, ते दोन्ही एकच निघालं.

तुमच्या दुकानदाराचं म्हणणं ऐकून मला आमचे वस्ताद आठवले. मी नवा होतो, तेव्हा बेअरिंगच्या रसात न विचारता जास्तीचं अँटिमनी टाकलं. म्हटलं, कडक होईल, जास्त दिवस टिकेल. आठवड्यात इंजिन परत आलं. बेअरिंगला चिरा आणि शाफ्टवर ओरखडे. वस्तादांनी तो तुकडा माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "कडक म्हंजे चांगलं न्हवं, बेट्या. कडक म्हंजे निस्तं कडक." बेअरिंग मऊ ठेवायचं ते शाफ्ट वाचावा म्हणून. आलेला कण त्यानं पोटात घ्यायचा, शाफ्टला ओरबाडू द्यायचं नाही. आयझॅक बॅबिटनं 1839 मध्ये त्या बेअरिंगचं पेटंट घेतलं, तेव्हापासून हेच चाललंय.

गोळीचंही तसंच, पण कारण वेगळं आहे. सायकलचा हातपंप आठवा. त्याच्या दांड्याच्या टोकाला चामड्याचा वाटीसारखा वायसर असतो. दांडा दाबला की हवेच्या दाबानं त्या वाटीची कड फाकते आणि नळकांड्याला चिकटून बसते, म्हणून हवा मागे निसटत नाही. उन्हात वाळून वायसर कडक झाला, की कितीही जोर लावा, हवा कडेनं फुसकन मागे. मग आपण काय करायचो? थेंबभर गोडेतेल सोडायचं आणि वायसर बोटानं चोळून मऊ करायचा.

तुमच्या गोळीचं बूड म्हणजे तो वायसर. मागून वायूचा दाब बसला की बूड किंचित फाकायला हवं आणि नळीतल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या पेचाच्या खाचा भरून निघायला हव्यात. धातू एवढा कडक असेल की तुमच्या हलक्या भाराला तो हलतच नाही, तर तापलेला वायू फटीतून गोळीच्या कडेनं पुढे पळतो. पळताना शिशाची कातडी सोलतो आणि तीच नळीला लिंपतो. म्हणजे नळीत दिसतंय ते शिसं मऊ म्हणून घासलेलं नाही. कडक म्हणून वायूनं सोललेलं आहे. दुकानदाराचा सल्ला मोठ्या भाराला, वेगवान गोळीला कदाचित ठीक असेल. तिथं मऊ गोळी पेच सोडून सरळच घसरेल. तुमच्या 750 फुटांना तो उलटा पडतो.

याचा एक ढोबळ हिशोब त्या शेजाऱ्यांनी मला पेन्सिलीनं पुठ्ठ्यावर लिहून दिला होता. पुठ्ठा अजून आहे. धातूची ब्रिनेल कठिणता घ्यायची आणि 1422 नं गुणायची. जे येईल तेवढा दाब, चौरस इंचाला पौंडांत, त्या धातूला हलवायला लागतो. शुद्ध शिशाची ब्रिनेल पाचच्या आसपास, म्हणजे सात हजार पौंडांना ते हलतं. लायनोटाइपमध्ये शिसं 84, अँटिमनी 12 आणि कथील 4 टक्के असतं. त्याची ब्रिनेल 22 धरा. 22 गुणिले 1422 म्हणजे एकतीस हजारांच्या वर. आणि .38 स्पेशलची साध्या भाराची कमाल मर्यादाच सतरा हजार! म्हणजे तुमची ती वीट तुमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये कधीच फाकणार नाही, आणि फाकवण्याइतका दाब घालायला जाल तर फाकायचं ते रिव्हॉल्व्हरच. तुमचा हलका भार दहा हजारांच्या आसपास धरला तर सातपर्यंतचा धातू फाकतो. नियम ढोबळ आहे, त्याला गणितासारखं चिकटू नका. थोडं मोकळं धरून तुम्हाला 7 ते 10 ब्रिनेलचा धातू हवा.

मग शुद्ध शिसंच का नको? कारण ते साच्यात नीट भरत नाही. कोपरे गोल येतात, गोळीच्या बुडाची कड बोथट राहते, आणि बुडाचीच कड बिघडली तर नेम गेलाच. तिथं कथील लागतं. आपल्याकडे पूर्वी गल्लीत कल्हईवाला यायचा तो आठवतो ना? तांब्याच्या पातेल्यावर कापसाच्या बोळ्यानं कथील कसं सरसर पसरायचं! शिशात मिसळलं की ते रसाचा ताण मोडतं आणि रस साच्याच्या कानाकोपऱ्यात जातो. एवढ्यासाठी दोन टक्के पुरतं. पाच टक्क्यांच्या पुढे कथील घालणं म्हणजे पैसे वितळवणं, कारण ते शिशाच्या दहापटीहून महाग आहे.

तुमच्या भंगारातून दोन वाटा निघतात.

पहिली वाट शिसं आणि कथील, बस्स. छपराचं जुनं शिसं बहुतेक वेळा शुद्धाच्या जवळ असतं. ते दहा किलो घ्या आणि त्यात 60-40 डाखाची तार साधारण 570 ग्रॅम टाका. तीस भाग शिशाला एक भाग कथील असं प्रमाण येतं, ब्रिनेल नऊच्या आसपास. 860 ग्रॅम टाकलीत तर एकास वीस होईल, ब्रिनेल दहाच्या घरात. तुमच्या भाराला मी एकास तीसवर थांबेन. रिळावर 60-40 च लिहिलंय आणि त्यातला 60 हा आकडा कथलाचाच आहे, हे मात्र बघून घ्या. आणि डाखाच्या तारेच्या पोटात राळ असेल तर ती धूर करील, दचकू नका.

दुसरी वाट स्वस्त. चाकांची वजनं आणि छपराचं शिसं निम्मं-निम्मं, वर दोन टक्क्यांच्या हिशोबानं कथील. वजनांत थोडं अँटिमनी असतं आणि नावाला आर्सेनिक. निम्म्यानं पातळ केलं की आठ-नऊ ब्रिनेलवर येतं. यात एक खोच आहे : अँटिमनीचा मिश्रधातू ओतल्यावर आठवडाभर कडक होत जातो, आणि गरम गोळी साच्यातून थेट पाण्यात टाकली तर फारच. तुम्हाला कडकपणा नकोय, तेव्हा ओल्या गोळ्यांचा नाद नको. जुन्या टॉवेलवर पडू द्या आणि आपोआप निवू द्या. शिसं-कथलाचं उलट असतं, ते दिवसांनी किंचित मऊ होतं.

वजनं निवडताना डोळे उघडे ठेवा. हल्ली जस्ताची आणि लोखंडाचीही वजनं येतात. कुठं Zn तर कुठं Fe असं कोरलेलं असतं, पण सगळ्यांवर नसतं. कटरनं दाबून बघा. शिसं बटाट्यासारखं कापलं जातं, जस्तावर कटर घसरतो. जस्त 419 अंशांवर वितळतं, शिसं 327 वर. म्हणून पहिला वितळ 400 च्या खाली ठेवायचा. चुकून राहिलेलं जस्त आणि लोखंड वर तरंगतं, झाऱ्यानं काढून टाकायचं. एकदा का जस्त रसात विरघळलं की तो रस लापशीसारखा होतो आणि साचा भरत नाही. मग ती सगळी मूस फुकट.

वर जी राखाडी साय धरते, तिला मळी समजून पहिल्याच फटक्याला फेकू नका. त्यात तुमचं महागाचं कथील आहे, हवेशी संयोग पावलेलं. मेणाचा तुकडा किंवा कोरडा लाकडी भुसा टाकून खालीवर ढवळा, बरंचसं परत रसात उतरतं. उरते ती खरी मळी. (लोकांना वाटतं कथील हलकं म्हणून वर तरंगतं. एकदा मिसळलेलं कथील आपण होऊन वेगळं होत नाही, दुधातली साखर जशी वर येत नाही तसं.)

आता आमच्या पॅटर्न मेकरची गोष्ट. प्रत्येक धातूची आकसण वेगळी, म्हणून पॅटर्न (ज्यावरून साचा उठवतात तो नमुना) तेवढा मोठा करायचा असतो, हे शिरोलीतलं शेंबडं पोरही सांगेल. गोळीच्या साच्याला हे लागू पडतं, पण कुणाच्या ध्यानात येत नाही. अँटिमनीचा धातू कमी आकसतो. मऊ धातू जास्त. म्हणजे ज्या साच्यातून तुमची लायनोटाइपची गोळी बरोबर मापाची येत होती, त्याच साच्यातून मऊ धातूची गोळी इंचाच्या हजाराव्या भागानं बारीक निघेल. आणि बारीक गोळी असेल तर मऊ करून फारसं साधणार नाही, वायसरच लहान नंबरचा! म्हणून धातू बदलला की मायक्रोमीटर काढा. रिव्हॉल्व्हरच्या चक्रीत काडतुसं बसतात त्या घरांची तोंडं मोजा, गोळी त्या तोंडाच्या मापाची हवी. .38 मध्ये बहुधा .358 इंच. घरांची तोंडंच नळीपेक्षा अरुंद असतील, तर गोळी तिथंच चेपली जाते आणि दोष मात्र धातूला मिळतो.

गोळीला वंगण म्हणून लावायचं मेणही मऊ हवं. कडक निळं-लाल मेण दिसायला देखणं असतं, पण हलक्या भाराला ते वितळतच नाही. मधमाशीचं मेण आणि अलॉक्स नावाचं वंगण निम्मं-निम्मं, हा तिकडचा जुना पाठ आहे. तो धरा. सध्या बसलेला थर कुठं आहे तेही बघा. नळीच्या सुरुवातीला, चक्रीजवळ असेल तर मी वर सांगितलेलं वायूचं निसटणं. पार तोंडाकडे असेल, तर मेण वाटेत संपतंय. तो थर खरवडायला शुद्ध तांब्याची तार-लोकर ब्रशला गुंडाळा. पोलादी घासणी नळीत घातलीत तर माझं नाव सांगू नका.

कठिणता मोजायला यंत्र नसेल तर चित्रकलेच्या पेन्सिली आणा, 6बी पासून एच पर्यंत. टोक सपाट घासून तिरकं धरायचं आणि शिशावर ढकलायचं. जी सगळ्यांत मऊ पेन्सिल न घसरता चिरटी उचलते, ती खूण. शुद्ध शिशाला 6बी-5बी पुरते, तुमच्या कामाच्या धातूला 4बी-3बी, आणि त्या लायनोटाइपच्या विटेला एच लागेल. गंमत बघा, शिसपेन्सिलीत शिसं कधी नसतंच, ते ग्रॅफाइट. पण शिसं ओळखायला शेवटी शिसपेन्सिलच कामाला आली.

माझ्याकडे .32 च्या रिव्हॉल्व्हरचा परवाना आहे. काडतुसं महाग पडतात. गॅरेज आहे, लेथ आहे, जुन्या बॅटऱ्यांचं शिसं ढिगानं पडलंय. घरच्या घरी गोळ्या ओतता येतील का? (गडहिंग्लज तालुका)

नाही. वरचं उत्तर अमेरिकेतल्या माणसाला आहे. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 5 प्रमाणे शस्त्रं आणि दारूगोळा तयार करायला वेगळा परवाना लागतो. तुमचा परवाना बाळगायचा आहे, बनवायचा नाही. तुम्ही पाटील असा नाहीतर देसाई, यात फट नाही.

आणि बॅटरीचं शिसं तर कुणीच वितळवू नये, गळाचं वजन ओतायलासुद्धा नाही. बॅटरीच्या प्लेटांच्या जाळ्यांत अँटिमनी, आर्सेनिक, कॅल्शियम असतं. वितळवून निघालेल्या मळीला ओल लागली की आर्साइन आणि स्टिबाइन हे वायू सुटू शकतात, आणि ते माणूस मारतात. आमच्या धंद्यात एक जण बॅटऱ्या फोडून शिसं काढायचा. पन्नाशीतच मनगटं लुळी पडली, कप धरता येईना. बॅटरी नवी घेताना जुनी दुकानात परत द्या, 2022 च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांत ती परत घेण्याची सोय केलेली आहे.

माझी मुलगी चौदा वर्षांची. दोन वर्षं एअर पिस्तूल करतेय, आता सर म्हणतात .22 कडे वळवू. त्या गोळ्या उघड्या शिशाच्या असतात असं ऐकलं. मला काळजी वाटते. कडक किंवा तांब्याचं आवरण असलेल्या गोळ्या नाही का वापरता येणार? (राजारामपुरी)

ताई, वापरता येणार नाहीत. आंतरराष्ट्रीय नेमबाजीच्या नियमांतच गोळी शिशाची किंवा तशाच मऊ पदार्थाची हवी असं आहे. आणि ते मऊपण काय देतं ते वरच्या पत्रात वाचलंत. .22 ची ती गोळी 2.6 ग्रॅमची, जवळजवळ मऊ शिशाची, वरून मेणाचा हात फिरवलेली. स्पर्धेची काडतुसं मुद्दाम आवाजाच्या वेगाच्या जरा खाली ठेवतात, सेकंदाला 330 मीटरच्या आत-बाहेर. तेजस्विनी सावंतनं 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनचं (पालथं पडून नेम धरण्याचं) जगज्जेतेपद आणलं ते याच गोळीवर. राही सरनोबतचं 2018 चं आशियाई स्पर्धेतलं सुवर्ण याच गोळीवर. आणि कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेचं 2024 चं पॅरिसचं कांस्यही. त्या दिवशी आमच्या गल्लीत टीव्हीसमोर बसलेल्यांपैकी निम्म्यांना 'थ्री पोझिशन' म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण हलगी मात्र वाजली. कोल्हापुरात गूळ, चप्पल आणि तालीम एवढंच नाही, मऊ शिसंही आहे, असं मी सगळ्यांना सांगत फिरतो.

काळजी मात्र रास्त आहे, ती सोडू नका. शिसं कातडीतून फारसं आत जात नाही. ते जातं तोंडातून आणि श्वासातून. गोळी हाताळताना बोटाला काळा डाग लागतो, त्याच बोटांनी वडापाव खाल्ला की झालं. .22 च्या काडतुसाच्या बुडात जो पेट घेणारा मसाला असतो, त्यातही बहुधा शिशाचा क्षार असतो. म्हणजे गोळी झाडली की धुरातूनही थोडं येतं. एअर पिस्तुलात हा धूर नव्हता, फक्त छर्रा होता. हा फरक लक्षात घ्या.

करायचं ते असं. रेंजवर खाणंपिणं नाही, बाटली बॅगेत बंद. सराव संपला की साबण लावून हात आणि तोंड धुवायचं, नुसतं सॅनिटायझर चोळून शिसं जात नाही. सरावाचे कपडे वेगळे, घरच्या कपड्यांत मिसळून धुवायचे नाहीत. बंदिस्त रेंज असेल तर हवा नेमबाजाच्या पाठीकडून लक्ष्याकडे वाहते का, ते सरांना विचारा. विचारायला लाजू नका, चांगला प्रशिक्षक या प्रश्नावर चिडत नाही. गोळ्या अडवणाऱ्या बांधाजवळची माती पोरांना झाडायला लावत असतील तर सरळ नाही म्हणा. आणि वर्षातून एकदा रक्तातलं शिसं तपासून घ्या. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही, आणि वाढत्या वयात तर नाहीच. सुरुवातीचा आकडा हाताशी असला की पुढं वाढला की नाही ते कळतं. डॉक्टरांना 'मुलगी नेमबाज आहे' हे आपण होऊन सांगा.

मी स्वतः हे सगळं तरुणपणी केलं नाही. भट्टीवर चहा प्यायचो, तोही हात न धुता. नशीब चांगलं म्हणून पासष्टीत हा स्तंभ लिहितोय.

1857 च्या काडतुसांचं चरबीचं प्रकरण शाळेत शिकलो. पण ती चरबी लागायचीच कशाला? तुम्ही धातूचे म्हणून विचारतो. (शाहूपुरी)

हा प्रश्न मला फार आवडला. कारण याचंही उत्तर मऊ शिसंच आहे.

पूर्वीची बंदूक तोंडाकडून भरायची. नळीला आतून पेच असतील तर गोळी पेचात घट्ट बसायला हवी, पण घट्ट गोळी गजानं ठोकत खाली न्यायला वेळ लागतो, लढाईत तेवढा वेळ कुठला? 1849 च्या सुमारास मिनिए नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्यानं तोडगा काढला. गोळी नळीपेक्षा बारीक करायची, बूड पोकळ आणि शिसं मऊ. आत सुळकन जाते, आणि दारू पेटली की बूड फाकून पेचात बसते. परत आपला वायसर! इंग्रजांची 1853 ची एनफिल्ड याच तत्त्वावर. नळी .577 इंचाची, गोळी त्याहून जरा बारीक, शुद्ध शिशाची.

आता मऊ शिसं नळीला घासत जाणार आणि काळ्या दारूची काजळी आत कडक होऊन बसणार. म्हणून गोळीभोवतीचा कागद वंगणात बुडवलेला. शिपायानं कागदाचं दुसरं टोक दातानं फोडून दारू ओतायची आणि मग वंगण लावलेल्या कागदासकट गोळी दडपायची. ते वंगण गाईचं की डुकराचं, यावरून पुढचं सगळं पेटलं. अर्थात उठावाला कारणं अनेक होती, एका चरबीवर सगळं ढकलणं मला पटत नाही. इथं कोल्हापुरात 27 व्या मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीनं 31 जुलै 1857 ला हत्यार उचललं. गंमत एवढीच, की वंगणाला मेण वापरूनही भागलं असतं. आजची .22 ची गोळी मेणावरच चालते.

आमचा लक्ष्मीपुरीत जुना ट्रेडल छापखाना होता. वडील गेल्यावर बंदच आहे. देवनागरी खिळ्यांचे (छपाईच्या धातूच्या अक्षरांचे) केस, म्हणजे खणांचे ट्रे, भरून आहेत, ऐंशी-नव्वद किलो तरी असतील. भंगारवाला शिशाच्या भावानं मागतोय. द्यावेत का?

शिशाच्या भावानं अजिबात देऊ नका, तो तुम्हाला बनवतोय. खिळ्याचा धातू म्हणजे शिसं, अँटिमनी आणि कथील यांचं महागडं मिश्रण. त्यातलं अँटिमनी आणि कथील साध्या शिशाहून कितीतरी किमती. अँटिमनी मुद्दाम घालत, कारण त्यानं धातू कमी आकसतो आणि अक्षराची वेलांटी, मात्रा, रफार साच्यातून धारदार निघतात, शिवाय हजारो वेळा दाब खाऊन झिजत नाहीत. (निवताना हा धातू फुगतो असं जुने कंपॉझिटर छातीठोक सांगतात. फुगत नाही, कमी आकसतो एवढंच.) ओहायोवाल्या भावाला नको असलेला कडकपणा तुमच्या वडिलांना हवाच होता.

पण भावाचं जाऊ द्या. वितळवायलाच देऊ नका. देवनागरीचा पूर्ण केस, काना-मात्रा आणि जोडाक्षरांसकट, आता पुन्हा कोण ओतणार? कलाशिक्षण देणाऱ्या महाविद्यालयांत लेटरप्रेसची मशिनं पुन्हा साफ करून लावलेली मी पाहिली आहेत. पोरं हातानं खिळे जुळवून लग्नपत्रिका छापतात आणि चांगले पैसे घेतात. तिथं विचारा. केस हलवताना धूळ झटकू नका, ओल्या फडक्यानं पुसा, ती धूळही शिशाचीच.

आणि द्यायच्या आधी खिळे कुठल्या पॉइंटचे (मापाचे) आहेत ते कळवा. मोठ्या टायपातला एक 'ळ' मला टेबलावर ठेवायला हवा आहे. भाव तुम्ही सांगाल तो.